‘समजलं का?’ या प्रश्नाला ऑनलाइन वर्गात उत्तर का येत नाही

ऑनलाइन तास सुरू होताना शिक्षक विचारतात, “आवाज येतोय का?” क्षणात चॅटमध्ये ‘हो सर’, ‘येतोय सर’ अशी रांग लागते. वीस मिनिटांनी तेच सर विचारतात, “इथपर्यंत समजलं का?” आणि आता सगळीकडे चिडीचूप. मुलं तीच, नेट तेच, माइकही तोच.

‘मुलांचं लक्षच नसतं’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल, पण त्याने फारसं काही उलगडत नाही. त्या दोन प्रश्नांमधला फरक पाहा. आवाज येतो की नाही हे सांगण्यात कोणाचं काहीच जात नाही. येत नसेल तर दोष माइकचा. ‘समजलं नाही’ म्हणायचं तर मात्र साठ जणांच्या देखत माइक उघडायचा, पडद्यावर आपल्या नावाची चौकट ठळक होणार, आणि सगळ्यांना कळलेलं आपल्याला कळलं नाही अशी कबुली द्यायची. ‘समजलं’ म्हणावं तर “मग तूच सांग पाहू” अशी पाळी येण्याची धास्ती. गप्प बसण्यात यातला कुठलाच धोका नाही. शिवाय ज्याला एखादी गोष्ट कळलेली नाही, त्याला आपलं नेमकं कुठे अडलंय हे पुष्कळदा सांगताच येत नाही.

खरं तर समोरासमोरच्या वर्गातही या प्रश्नाला फारशी उत्तरं येत नाहीत. पण तिथे शिक्षकाला त्या उत्तराची गरजच पडत नाही. कोणाच्या कपाळाला आठ्या आहेत, कोणाचं पेन मधेच थांबलंय, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतंय, हे त्याने आधीच पाहिलेलं असतं. तास संपल्यावर दोन-तीन मुलं टेबलापाशी रेंगाळतात आणि सगळ्यांसमोर न विचारलेलं तिथे विचारतात. हे सगळं वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. मुलं आणि शिक्षक एका खोलीत असतात म्हणून ते आपसूक होतं. ऑनलाइन वर्गात ‘संपवा’चं बटण दाबलं की सगळे एकदम नाहीसे होतात; रेंगाळायला जागाच नसते. तिथे जेवढा संवाद कोणीतरी मुद्दाम योजलेला असतो, तेवढाच होतो. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी संवादाच्या वेगाचं पाहू, कारण तिथे जे बिघडतं ते डोळ्यांना दिसत नाही. दोन माणसं बोलताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली गेली. भाषेगणिक थोडा फरक होता, पण हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकं निघालं. एवढ्या वेळात प्रश्न ऐकून, विचार करून उत्तर जुळवणं शक्य नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपण आधीच बांधलेला असतो आणि आपलं वाक्य तयार ठेवलेलं असतं. हा अंदाज आवाजाच्या चढउतारावरून, श्वासावरून, नजरेवरून येतो.

आता मधे इंटरनेट आलं. आवाजाचे छोटे छोटे तुकडे होतात, वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलण्यात सहसा अडथळा जाणवत नाही. ४०० च्या वर गेला तर ते जाळं नेहमीच्या संभाषणाला योग्य धरलं जात नाही. कनेक्शन कमकुवत असेल तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मग दोघं एकदम बोलू लागतात, दोघंही “सॉरी, तुम्ही बोला” म्हणत थांबतात, आणि पुन्हा एकदम सुरू होतात. दोन-चारदा असं झालं की मूल ठरवून टाकतं की आता न बोललेलंच बरं.

यात आणखी एक गोम आहे. २०१४ मध्ये जर्मनीतल्या काही संशोधकांनी बोलण्यातला हा उशीर मुद्दाम वाढवून पाहिला. उशीर यंत्रणेमुळे होत होता, पण बोलणाऱ्यांनी त्याचा दोष पलीकडच्या माणसाला दिला. तो लक्ष देत नाही, त्याला रस नाही, असं त्यांना वाटलं. शिक्षकाला मुलं मठ्ठ वाटणं आणि मुलांना शिक्षक कोरडे वाटणं, यातला काही वाटा तरी या मिलिसेकंदांचा आहे.

त्यात शिक्षकांची एक जुनी सवय भर घालते. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली, ती म्हणजे प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. उत्तर होतं, सरासरी एक सेकंद. तेवढ्यात कोणी बोललं नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. हाच वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारे कमी झाले, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडून येणारे प्रश्न वाढले. रो यांनी दुसरा थांबाही मोजला होता, उत्तर मिळाल्यानंतरचा. तिथेही शिक्षक घाईच करत. मूल वाक्य संपवून श्वास घेत असतानाच “छान, पुढे” म्हणत, आणि त्या श्वासानंतर येणारं ‘कारण…’ तोंडातच राहून जाई.

ऑनलाइनमध्ये हाच हिशेब करून पाहा. प्रश्न मुलापर्यंत पोचायला थोडा उशीर, मग विचार, मग दुसरं कोणी बोलतंय का याची चाचपणी, मग अनम्यूटचं बटण शोधणं, मग आवाज उलट दिशेने पोचायला पुन्हा उशीर. यात तीन सेकंद कुठल्या कुठे संपतात. माझ्या मते इथे मनात दहा आकडे मोजावेत, आणि मुख्य म्हणजे “मी थांबतोय, विचार करा” असं आधी सांगावं. न सांगता थांबलं तर मुलांना वाटतं सरांचं नेट गेलं.

थांबण्याइतकंच प्रश्न बदलणंही उपयोगाचं. ‘समजलं का?’ऐवजी पडद्यावर सोडवलेलं उदाहरण ठेवून “यातली एक पायरी मी मुद्दाम चुकवली आहे, तिचा क्रमांक चॅटमध्ये टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका” असं म्हटलं, की सगळे लिहितात आणि एकदम पाठवतात. पहिल्या हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीच्यांनी तेच टाकायची सोय उरत नाही. साठपैकी पस्तीस जणांनी ‘४’ लिहिलं आणि वीस जणांनी ‘२’, की शिक्षकाला आठ्या वाचायची गरजच राहत नाही. दुसऱ्या पायरीवर काय गोंधळ आहे ते समोर दिसतं. नाव न दाखवणारी जनमत चाचणी, फक्त शिक्षकाला दिसणारा खासगी संदेश, ही साधनंही याच कामाची. इथे पडदा वर्गापेक्षा सरस ठरतो, कारण खडू-फळ्याच्या वर्गात साठ उत्तरं एका क्षणी पाहायची सोय कुठे असते? लाजाळू मूल टाइप करून जे विचारतं, ते हात वर करून त्याने विचारलं नसतं.

कॅमेऱ्याचा वादही इथेच मिटवून टाकू. अनेक शाळा-कॉलेजांत ‘कॅमेरा चालू ठेवा’ असा नियम असतो. चेहरे दिसले की संवाद होईल ही त्यामागची समजूत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ भेटींमुळे येणाऱ्या थकव्याची चार संभाव्य कारणं मांडली: खूप जवळून आणि सतत अंगावर येणाऱ्या नजरा, सारखा दिसणारा स्वतःचाच चेहरा, एका चौकटीत जखडून बसणं, आणि एरवी सहज होणाऱ्या हावभावांसाठी करावी लागणारी मेहनत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, कॉर्नेल विद्यापीठातल्या एका पाहणीत विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद का ठेवता असं विचारलं, तेव्हा आपण कसे दिसतो याची काळजी हे कारण सर्वांत जास्त जणांनी दिलं. मागे घरातली माणसं आणि खोली दिसते, नेट तुटतं, हीही कारणं होती. म्हणजे बंद कॅमेऱ्यामागे आळस असतोच असं नाही. कोणाच्या मागे एकाच खोलीत राहणारं अख्खं घर असतं. सक्तीने कॅमेरा लावला तर हजेरी पक्की होते, पण शिक्षकाला पडद्यावर दिसतात ती टपालाच्या तिकिटाएवढी चित्रं. त्यांतून कोणाला काय कळलं हे वाचता येत नाही. पाच-सहा जणांच्या छोट्या गटात मात्र चेहरे खरोखर मदत करतात. तिथे आग्रह धरायला हरकत नाही, विनंतीच्या स्वरात.

आतापर्यंत सगळं बोलणं थेट तासाबद्दल झालं. दुरून शिकवण्याचा इतिहास मात्र बराचसा लेखी आहे. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिथे एक पेनीत पत्र पाठवायची सोय सुरू झाली होती. विद्यार्थी उतारे लघुलिपीत लिहून पाठवत आणि ते तपासून, चुका दुरुस्त होऊन परत येत. या व्यवहारात धडे छापून वाटणं हा भाग सोपा होता. तपासलेला कागद परत येणं, हे खरं शिकवणं. याच वाटेने पुढे निघालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले. त्याच्या टीव्हीवरच्या व्याख्यानांचं कौतुक फार झालं, पण सुरुवातीपासून तिथे विद्यार्थ्यांसाठी ट्यूटर नेमलेले असत आणि ते स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर लिहीत.

अंतर म्हणजे काय, हा प्रश्न अमेरिकेतले अभ्यासक मायकेल मूर यांनी फार नेमका सोडवला. त्यांच्या मते शिकवण्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या समजुतीत जी दरी असते, ते खरं अंतर. ते दोन गोष्टींवर ठरतं: दोघांत संवाद किती होतो, आणि अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे, म्हणजे एखाद्याच्या गरजेप्रमाणे वळायला त्यात किती वाव आहे. या हिशेबाने तीनशे जणांच्या सभागृहात एकतर्फी व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी शिक्षकापासून फार लांब असतो, आणि हजार मैलांवरून दर आठवड्याला आपल्या निबंधावर दहा ओळींचा अभिप्राय मिळवणारा जवळ. तिसरी गोष्ट विद्यार्थ्याची. जो स्वतःच्या बळावर अभ्यास पुढे रेटू शकतो, त्याला जास्त अंतर चालतं. ज्याला ती सवय नाही, तो त्याच अंतरात हरवतो. पुष्कळ ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यातच सोडले जातात त्याचं एक मोठं कारण इथे आहे, असं मला वाटतं. ते बनवताना विद्यार्थी आधीच स्वावलंबी असल्याचं गृहीत धरलेलं असतं.

मूर यांनीच १९८९ मध्ये संवादाचे तीन प्रकार वेगळे केले. विद्यार्थ्याचा अभ्याससाहित्याशी, विद्यार्थ्याचा शिक्षकाशी, आणि विद्यार्थ्यांचा एकमेकांशी. वाचायला अगदी साधं वाटतं, पण यामुळे पुढे मोजमाप करता आलं. २००९ मध्ये ७४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. तिन्ही प्रकारचा संवाद वाढवल्याने शिकण्यात फायदा दिसला, पण विद्यार्थी-विद्यार्थी आणि विद्यार्थी-साहित्य या दोहोंचा परिणाम विद्यार्थी-शिक्षक संवादापेक्षा मोठा निघाला.

शिक्षकांना हे वाचून वाईट वाटायचं कारण नाही. मुलं आपसात चांगली चर्चा करतात ती आपोआप नव्हे. ‘यावर चर्चा करा’ असं सांगून चौघांना ऑनलाइन वर्गातल्या वेगळ्या खोलीत (ब्रेकआउट रूममध्ये) पाठवलं तर पाच मिनिटं शांतता आणि शेवटी “सर परत बोलावतायत वाटतं” एवढंच होतं. “चौघांनी मिळून या तीन उपायांपैकी एक बाद करा आणि का बाद केला ते दोन ओळींत लिहून आणा” असं सांगितलं की बोलावंच लागतं, कारण निर्णय घ्यायचा असतो. काम नेमकं नेमून देणं हीसुद्धा शिक्षकाची हजेरीच आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० साली ऑनलाइन शिकण्याची जी मांडणी केली, तिच्यात शिक्षकाच्या अस्तित्वाचे तीन भाग सांगितले आहेत. आधीची आखणी, चर्चा चालती ठेवणं, आणि थेट शिकवणं. पडद्यावर बोलताना दिसणं हा त्यातला फक्त शेवटचा भाग. गंमत म्हणजे ही सगळी मांडणी त्यांनी व्हिडिओवरून केलेली नाही. लेखी चर्चेवर चालणारे अभ्यासक्रम त्यांच्यासमोर होते.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी त्यात टिकून राहण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्मे लोक त्याआधीच थांबतात तो काळ) सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तासभराचं रेकॉर्डिंग टाकून ‘बघून घ्या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग शिक्षकाचा वेळ सर्वांत जास्त कुठे कामी येतो? माझं उत्तर: अभिप्रायात. थेट तास एक कमी झाला तरी चालेल, पण विद्यार्थ्याने स्वतः केलेलं काम कोणीतरी वाचलं आहे हे त्याला कळायला हवं. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली या शिक्षणसंशोधकांनी २००७ मध्ये लिहिल्याप्रमाणे उपयोगी अभिप्राय तीन प्रश्नांची उत्तरं देतो: मला कुठे पोचायचं आहे, सध्या मी कुठवर आलो आहे, आणि आता पुढे काय करू. नुसतं ‘छान’, ‘हुशार आहेस’ याने शिकण्यात फार फरक पडत नाही, कारण त्यात कामाबद्दल काहीच नसतं. ‘७/१०’ हाही अभिप्राय नव्हे. तो निकाल आहे. “तुझा दुसरा मुद्दा पटतो, पण त्याला आधार दिलेला नाहीस. पहिल्या परिच्छेदातलं उदाहरण इथे आणून बघ” हे दोन वाक्यांत होतं. त्याची वेळही महत्त्वाची. पुढचा धडा सुरू झाल्यावर मागच्याचा अभिप्राय आला तर तो वाचतो कोण?

साठ मुलांना असं लिहायचं म्हणजे शिक्षकाने झोपायचं कधी, हा प्रश्न रास्त आहे. यावर दोन वाटा आहेत. एक, दर वेळी सगळ्यांना न लिहिता आळीपाळीने पंधरा जणांना नीट लिहायचं, आणि सगळ्यांत आढळलेल्या चार चुकांवर एक छोटा ध्वनिसंदेश सर्वांना पाठवायचा. दुसरी वाट यंत्राची. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी होते आणि एका सत्रात चर्चेच्या पानावर दहा हजारांच्या आसपास संदेश पडत. २०१६ च्या सत्रात त्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाचा एक सहायक उत्तरं द्यायला बसवला. तो संगणकप्रणाली होता, आणि हे विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी कळलं. ९७ टक्के खात्री असेल तिथेच तो उत्तर देई. त्याच्या वाट्याला आले ते नेहमी नेहमी विचारले जाणारे प्रश्न: स्वाध्याय कधी द्यायचा, फाइल कोणत्या स्वरूपात हवी. आजचे चॅटबॉट याच्या कितीतरी पुढे गेले आहेत आणि गणिताची पायरीही समजावून सांगतात. तरी कामाची वाटणी तशीच राहावी असं माझं मत. तारखा आणि फाइलींचे प्रश्न यंत्राने खुशाल घ्यावेत. मात्र एखादं मूल दोन आठवडे काहीच विचारत नाही, तेव्हा आपण होऊन विचारपूस करायला माणूस हवा.

हा ‘आपण होऊन’चा मुद्दा अमेरिकेच्या नियमांतही आहे. तिथे १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार दूरशिक्षणात शिक्षकाचा विद्यार्थ्याशी नियमित आणि भरीव संवाद असायलाच हवा. नियमित म्हणजे आधी ठरलेल्या, अंदाज करता येईल अशा अंतराने, आणि विद्यार्थी मागे पडताना दिसला तर शिक्षकाने स्वतः पुढाकार घेऊन. भरीव म्हणजे शिकवणं, कामावर अभिप्राय देणं, विषयातल्या शंकांना उत्तरं देणं, गटचर्चा चालवणं, यांपैकी किमान दोन गोष्टी. संवाद तुटपुंजा आणि मुख्यतः विद्यार्थ्यानेच सुरू केलेला असेल तर तो अभ्यासक्रम पत्राद्वारे शिक्षणात मोजला जातो, आणि सरकारी अर्थसाहाय्याचे नियम बदलतात. थोडक्यात, ‘शंका असेल तर विचारा, मी आहेच’ एवढ्यावर कायदा समाधानी नाही. ज्या मुलांना सर्वांत जास्त मदत लागते तीच विचारायला येत नाहीत, हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको.

सगळा भार शिक्षकावर टाकून मात्र चालणार नाही. विद्यार्थ्याकडे एक हत्यार असतं आणि ते बहुतेक जण वापरत नाहीत: नेमका प्रश्न. ‘सर, हे गणित जमत नाहीये’ असा संदेश आला की शिक्षकाला आधी काय जमत नाही ते विचारावं लागतं, मग उत्तराची वाट पाहायची, मग पुन्हा विचारायचं. यात लेखी संवादाचे दोन दिवस जातात. त्याऐवजी वहीतल्या पानाचा फोटो काढून ‘तिसऱ्या ओळीपर्यंत आलं, चौथ्या ओळीत वजाचं अधिक कसं झालं ते कळलं नाही, मी दोन्ही बाजूंना गुणून पाहिलं’ असं लिहिलं तर उत्तर एका संदेशात मिळतं. बऱ्याचदा असा प्रश्न लिहिता लिहिताच चूक सापडते. आणि नाही सापडली, तर शिक्षक तो फोटो नाव झाकून सगळ्या वर्गाला पाठवू शकतात, कारण चौथ्या ओळीत अडलेला तो एकटा नसतो.